तिसऱ्या मॅचलाही डोकं जागेवर कसं ठेवायचं? कबड्डीच्या नव्या पंचासाठी लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पंच परीक्षा पास झाल्यावरचा पहिलाच सीझन, गावोगावच्या एकदिवसीय स्पर्धांना उभा राहतो, पहिली मॅच झकास जाते पण तिसऱ्या-चौथ्या मॅचला डोकं भलतीकडेच असतं, एखाद्या बोनसवर (चढाईपटूने बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या जादा गुणावर) राडा झाला की पुढच्या चार-पाच चढायांत काय झालं तेच कळत नाही, आणि पब्लिक ओरडायला लागलं की हात आपोआप वर जातो. शेवटी असंही विचारलंय की आपल्याच गावची टीम मैदानात असेल तर काय करायचं. मी रायगड-मुंबई पट्ट्यात बरीच वर्षं शिट्टी वाजवतोय, त्यामुळे जे कामी येताना बघितलंय ते सांगतो. लांबेल, पण वाच.

सगळ्यात आधी 'पूर्ण मॅच लक्ष टिकवायचं' हा हट्ट सोडून दे. वीस-पाच-वीसची मॅच (वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, मध्ये पाच मिनिटं विश्रांती), त्यात टाइमआऊट, वाद, कुणाचा घोटा मुरगळला, असं धरून तासभर तू मैदानाच्या कडेला असतोस आणि तासभर सलग लक्ष कुणाचंच टिकत नाही, ज्यांचा पगारच लक्ष ठेवायचा होता त्यांचंही टिकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला प्रश्न पडला होता की रडारवर बसलेली चांगली तयार पोरं थोड्या वेळाने पडद्यावरचे ठिपके चुकवायला का लागतात. तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ बनवलं, काटा टकटक करत पुढे जायचा आणि क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी मारायचा, ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम, दोन तास. १९४८ मध्ये त्याने जे छापलं त्यात पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागलेली दिसतात. म्हणजे तुझ्या तिसऱ्या मॅचला जे होतंय त्यात तुझा स्वभाव, तुझी लायकी वगैरे काही नाही, माणसाचं डोकं असंच चालतं.

मग करायचं काय, तर लक्ष लावायचं, सोडायचं आणि परत लावायचं. या बाबतीत कबड्डी पंचावर मेहेरबान आहे. चढाई ३० सेकंदांची, ती संपली की समोरच्यांनी पाच सेकंदांच्या आत आपला माणूस पाठवायचा, म्हणजे खेळानेच तुला तुकडे पाडून दिलेत. तुझी जबाबदारी त्या तीस सेकंदांची. मधल्या चार-पाच सेकंदांत खांदे सोड, श्वास सोड, स्कोअरबोर्डकडे एक नजर टाक. नवीन पंच बरोबर उलटं करतात, दोन चढायांच्या मध्ये ताठ उभे राहून खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे बघत बसतात, कोण काय पुटपुटतोय, कोच काय बोलतोय, आणि चढाई सुरू झाली की डोळे उघडे पण आत कुणीच नाही. टॉर्च दिवसभर चालू ठेवला तर रात्री सेल उतरलेलेच असणार ना.

आता सोडलेलं लक्ष परत लावायचं कसं? मोज. चढाईपटू मध्यरेषा ओलांडायच्या आधी समोर किती डिफेंडर उभे आहेत ते दर वेळी, न चुकता, मनात आकडा म्हणून मोजायचं. याचा नियमातही उपयोग आहेच, सहा-सात असतील तर बोनस आहे, पाच झाले की बोनस संपला, तीन किंवा त्याहून कमी असतील तर पकड झाल्यावर अव्वल पकडीचा जादा गुण. स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा नियम (लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाईपटू बाद) लावलेला असेल तर त्याच्यासोबत 'किती रिकाम्या गेल्या' हेही मनात म्हणायचं. पण खरा फायदा असा की मोजताना माणूस मैदानावर यावाच लागतो, बायकोचा फोन, उद्याची ड्युटी, मघाचा वाद यातलं काही डोक्यात ठेवून सहा माणसं मोजता येत नाहीत. आणि आकडा आला नाही तर तुला तिथल्या तिथे कळतं की आपण इथे नाही आहोत.

आकडा आला नाही तर? शिट्टी मारून चढाईपटूला हाताने थांबव, स्कोअररला विचार आत किती. दोन सेकंद लागतात, कुणाला काही वाटत नाही, उलट पंच काटेकोर आहे असंच वाटतं. पुष्कळ जण हे करायला लाजतात आणि मग पाच डिफेंडरवर बोनसचा अंगठा वर करून बसतात, त्यानंतर जे होतं ते दोन सेकंदांत मिटत नाही.

मोजणीनंतर मी मनात तीन शब्द म्हणतो, पाय, दम, रेषा. तुझे वेगळे असले तरी चालतील, फक्त दर चढाईला तेच असू देत. पाय म्हणजे नजर खाली. दम म्हणजे कान त्याच्या तोंडाकडे, मध्यरेषा ओलांडताना 'कबड्डी' सुरू झालंय का आणि पुढे तुटतंय का. रेषा म्हणजे कुठली रेषा निर्णायक ठरेल याचा आधीच अंदाज. सात डिफेंडर, चढाईपटू उंच, पहिली काही मिनिटं, तर तो बोनसला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. तीन डिफेंडर आणि टीम आघाडीवर, तर तो 'निदान रेषा' (बोनस रेषेच्या अलीकडची, चढाई वैध ठरायला ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडून परत येईल, बाकी वेळ काढेल. हा अंदाज निर्णय देण्यासाठी वापरायचा नाही हं, नजर कुठे असावी तेवढ्यापुरताच.

बोनसबद्दल जरा जास्त लिहितो कारण गावच्या मैदानावर अर्धे वाद बोनसचे असतात. सगळं पब्लिक पुढच्या पायाकडे बघतं, म्हणून तू मागच्या पायाकडे बघायला शिक. पुढचं पाऊल रेषेच्या पलीकडे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत, दोन्ही पाहिजे. पुढचा पाय रेषा ओलांडतोय हे नजरेच्या कडेलाही कळतं, मागचा पाय टाचेवर घासत राहिला की उचलला हे मात्र थेट बघितल्याशिवाय कळत नाही, त्यात माती उडत असते. आणि हे बघायचं तर चढाईपटूच्या बरोबरीने कडेकडेने सरकत त्या रेषेच्या समांतर पोचायला हवं. मध्यरेषेजवळ उभं राहून तिरक्या नजरेने दिलेला बोनस म्हणजे निव्वळ अंदाज. तिसऱ्या मॅचला लक्ष गेलं असं ज्याला आपण म्हणतो ते बऱ्याचदा पाय थकलेले असतात, माणूस सरकायचा बंद होतो, मग दिसत नाही, मग अंदाज, मग वाद. डोक्याआधी पाय बघ.

रेषांवरूनच एक, मातीच्या मैदानावर दोन मॅच झाल्या की फक्कीच्या रेषा पुसतात. आयोजक म्हणतात चालतंय पंच, आधीच उशीर झालाय. चालत नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी रेषा परत मारून घे, बोनस रेषा आणि निदान रेषा तरी नक्कीच. अंधुक रेषेवर डोळे ताणून ताणून जेवढी शक्ती जाते तेवढी वीस चढायांत जात नाही.

राखीव क्षेत्राचं म्हणजे आपल्या भाषेत लॉबीचं गणित वेगळं. तिथे 'काय झालं' यापेक्षा 'आधी काय झालं' ते बघायचं असतं. टच व्हायच्या आधी चढाईपटू लॉबीत गेला तर तो बाद, डिफेंडर गेला तर डिफेंडर बाद, आणि टच झाला की लॉबी मैदानाचाच भाग. हे सगळं पाव सेकंदात होतं. असा क्रम डोक्यात पकडून ठेवायला एक युक्ती आहे, घटना घडताक्षणी मनात शब्द टाकायचा, 'टच' किंवा 'लॉबी', जो आधी तो आधी. मग पुढे चार जण अंगावर पडोत, धूळ उडो, तुझ्याकडे पहिला शब्द राहतो. नुसतं बघितलेलं चित्र पाच सेकंदांच्या आरडाओरड्यात बदलतं, मनात उच्चारलेला शब्द सहसा बदलत नाही.

पकडीत शिट्टीची घाई हा पण लक्षाचाच प्रश्न आहे. चार जणांनी एकाला दाबलाय, पब्लिक उभं राहिलंय, तुझ्या मनाने निकाल लावून टाकलेला असतो आणि शिट्टी तोंडातच असते. आणि तेव्हाच खालून एक हात सरपटत मध्यरेषेकडे निघालेला असतो. पकड झाली की वर बघू नकोस, मध्यरेषेवर वाक, बोटं बघ, दम ऐक. शिट्टी अर्धा सेकंद उशिरा वाजली म्हणून कुणी भांडत नाही, आधी वाजली तर दोन्ही टीम भांडतात आणि त्यात दोन्ही टीमचं बरोबर असतं. मी तर नव्या पोरांना सांगतो की चढाई चालू असताना शिट्टी दातात धरू नका, हातात ठेवा, तोंडापर्यंत न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा विचार होतो.

दुसऱ्या पंचाबरोबर मॅचच्या आधी पाच मिनिटं बोलणं ही तर मी अट समजतो. एकट्या माणसाला पाय, हात, दम, लॉबी, शेवटची रेषा सगळं दिसूच शकत नाही आणि ते दिसावं अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवली की माणूस घाबरून काहीच धड बघत नाही. म्हणून वाटून घ्या. चढाईपटू ज्याच्या बाजूला, त्याने पाय आणि लॉबी बघायची, पलीकडच्याने हात, टच आणि परतीची मध्यरेषा. आणि एक खूण ठरवा, माझी अशी की मूठ पोटाशी म्हणजे मी स्वच्छ बघितलंय, तळहात खाली म्हणजे मला दिसलं नाही, तू दे. दिसलं नाही हे जोडीदाराला सांगायची सोय असली की माणूस न बघितलेलं ठोकून द्यायच्या भानगडीत पडत नाही. दोघांचं जमलं नाही तर सरपंच म्हणजे मॅचचा मुख्य पंच आहेच, त्यासाठीच तो आहे, त्याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

आता तुझा मुख्य आजार. राडा झाल्यावर पुढच्या चढाया हरवतात. याचं कारण तू त्या बोनसचा खटला मनात चालू ठेवतोस. दिला तो बरोबर होता का, तो कॅप्टन असं का म्हणाला, मोबाइलवर काय दिसत असेल. चढाई चालू आहे आणि तू मागच्या चढाईत उभा. यावर उपाय डोक्याने होत नाही, शरीराने होतो. निर्णय दिला, हाताची खूण पूर्ण केली, स्कोअररने आकडा लिहिलेला बघितला, आणि मग एक ठरलेली कृती, कुणी टोपी सरळ करतो, कुणी शिट्टीची दोरी ओढतो, मी मनगटावरचं घड्याळ फिरवतो. ती कृती म्हणजे विषय बंद. पहिले काही दिवस बावळटासारखं वाटेल. तीच कृती साध्या, बिनवादाच्या निर्णयानंतरही करायची, तरच ती राड्यानंतर चालते.

आणि वादात फक्त कॅप्टनशी बोलायचं. सात जण घेरून बोलायला लागले की ऐकून घेऊ नकोस, दोन पावलं मागे सर, कॅप्टनला बोलव, बाकीच्यांना हाताने मागे कर, एक वाक्यात सांग काय बघितलंस. 'मागचा पाय जमिनीवर होता.' बस्स. दुसरं वाक्य बोललास की चर्चा सुरू होते आणि चर्चेत पंच कधीच जिंकत नाही, फक्त डोकं खर्च होतं. ऐकत नसेल तर हिरवं कार्ड आहे, त्यानंतर पिवळं दाखवलं की दोन मिनिटं बाहेर. कार्ड म्हणजे भांडण असं नव्या पंचांना वाटतं म्हणून ते खिशातून काढायला घाबरतात आणि पूर्ण मॅच तोंडाने भांडत राहतात. हिरवं कार्ड लवकर दाखवलेल्या मॅच मला शांत जाताना दिसल्यात.

राड्यानंतरचा दुसरा, जास्त वाईट धोका म्हणजे फिटंफाट. मघाशी या टीमला वादातला गुण गेला, आता त्या टीमला एक देऊन टाकू म्हणजे वातावरण थंड होईल. हे कुणी ठरवून करत नाही, हात आपोआप तसा वळतो. जर्मनीतल्या प्लेसनर आणि बेट्श या दोघांनी २००१ मध्ये फुटबॉलवर हे तपासलं होतं, व्हिडिओतले प्रसंग दाखवून पेनल्टी द्यायची का विचारलं, तर एका टीमला एकदा पेनल्टी दिली की त्याच टीमला दुसरी द्यायची तयारी कमी होते आणि समोरच्या टीमला द्यायची तयारी वाढते, असं दिसलं. आपल्याकडे तर दर अर्ध्या मिनिटाला निर्णय, त्यामुळे ही खाज सतत असते. ओळखायची खूण सांगतो: चढाई सुरू व्हायच्या आधीच तुला एखाद्या टीमबद्दल 'बिचारे' वाटायला लागलं तर समज की सुरू झालंय. लगेच मोजणीवर ये, किती उभे, पाय, दम, रेषा.

पब्लिकचं म्हणशील तर आवाजाने हात वर जातो असं तुला वाटतंय, पण हात वर जाणं निदान आपल्याला कळतं तरी. न कळणारी गोष्ट म्हणजे वर जायला हवा होता तो हात खालीच राहणं. इंग्लंडमध्ये अॅलन नेव्हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४० फुटबॉल रेफ्रींना एकाच मॅचमधले टॅकल दाखवले, काहींना मैदानाच्या आवाजासह आणि बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्धचे फाऊल साधारण १५ टक्के कमी दिले. पाहुण्या टीमविरुद्ध जास्त देण्यापेक्षा घरच्यांविरुद्ध द्यायचंच टाळलं, असा तो परिणाम होता. हे वाचल्यावर मी माझी तपासणी बदलली. मॅचनंतर मी 'काय चुकीचं दिलं' हे विचारण्याआधी 'यजमान मंडळाच्या विरुद्ध शेवटचा कठीण निर्णय कधी दिला' ते आठवतो. पूर्ण हाफमध्ये एकही आठवला नाही तर काहीतरी गडबड आहे.

आवाज बंद करता येत नाही पण त्यातला बराचसा आधीच कमी करता येतो, आणि हे काम मॅचच्या आधीचं आहे. आपल्या मैदानांवर सगळ्यात त्रासदायक माणूस पब्लिकमधला नसतो, तो माइकवर असतो. निवेदक उत्साहात 'बोनस... आणि हा बोनस!' म्हणून मोकळा होतो, तुझा हात अजून खालीच आहे, आता दोन हजार लोकांनी बोनस ऐकलाय आणि तू नाही म्हणणार. म्हणून स्पर्धा सुरू व्हायच्या आधी निवेदकाला जाऊन भेट, चहा पी त्याच्यासोबत, आणि गोड शब्दांत सांग की भाऊ, आमची खूण झाल्याशिवाय गुण बोलायचा नाही. नव्वद टक्के निवेदक ऐकतात, त्यांनाही तोंडघशी पडायचं नसतं. तसंच हलगी, ताशा, डीजे चढाई चालू असताना बंद. दम ऐकू येत नाही हे कारण सांग, ते खरंच आहे आणि त्यावर कुणाला वाद घालता येत नाही. प्रमुख पाहुणे आले म्हणून चालू मॅच थांबवून हारतुरे करायचा प्रकारही होतो, तेव्हा पाहुण्यांकडे बघत हसत उभा राहू नकोस, स्कोअरशीटपाशी जा आणि आत-बाहेर किती, पुढची चढाई कुणाची हे लिहून घे. सत्कारानंतरच्या पहिल्या चढाईला गोंधळ ठरलेला.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून एक नवीन भानगड झाली आहे. टीव्हीवर रिव्ह्यू, स्लो मोशन, चार कॅमेरे बघितलेलं पब्लिक आणि खेळाडू गावच्या मैदानावरही तीच अपेक्षा घेऊन येतात, हातात मोबाइल असतोच. चालू मॅचमध्ये कुणी मोबाइल समोर धरला तर बघायचं नाही, चुकूनही नाही, डोळे दुसरीकडे. एकदा बघितलास की दुसऱ्या टीमचाही मोबाइल येतो, आणि तिरक्या कोनातून काढलेल्या व्हिडिओत पाय हवेत होता की जमिनीवर ते मलाही सांगता येत नाही. घरी गेल्यावर बघ हवं तर. मी बघतो, दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन, आणि बघताना मी कुठे उभा होतो एवढंच बघतो. निर्णय बरोबर की चूक यापेक्षा उभं राहायची जागा बरोबर होती का हे पुढच्या मॅचला जास्त उपयोगी पडतं.

आता पोटाचं. आयोजकांचं प्रेम असतं, रात्री दहाला मटण-भाकरीचं जेवण वाढतात, आग्रह करतात, आणि साडेदहाला तुझी सेमीफायनल. जेवून उभं राहायचं नाही. शेंगदाणे, केळं, अर्धी भाकरी, एवढ्यावर काढ, पूर्ण जेवण शेवटच्या मॅचनंतर. चहाही दर मॅचला नको, दोन-तीनच्या पुढे गेलं की नुसती धडधड वाढते, लक्ष नाही वाढत. पाणी मात्र सतत, घोट घोट, मार्च-एप्रिलच्या दुपारी उन्हात मॅच असतील तर लिंबू-मीठ-साखर घालून. तहान लागेपर्यंत थांबू नकोस.

तिसऱ्या-चौथ्या मॅचचा सगळ्यात खरा उपाय म्हणजे चौथी मॅच सलग उभं न राहणं. पंच प्रमुखाला आधीच विनंती कर की आळीपाळी लावा, दोन मॅच पंच, मग एक मॅच सहायक गुणलेखक म्हणून बसून, मग परत उभा. पंच कमी आले असतील तर निदान बाजू बदला, म्हणजे हॅलोजनचा झोत सतत एकाच डोळ्यावर नको. दोन मॅचच्या मध्ये मोबाइल बाहेर काढू नकोस, हे मी मनापासून सांगतोय, पंधरा मिनिटं रील बघून आलेला पंच पहिल्या दहा चढाया झोपेत असतो. मैदानापासून लांब जा, अंधारात पाच मिनिटं डोळे मिटून बस, तोंडावर पाणी मार, ये.

एकतर्फी मॅचबद्दल कुणी बोलत नाही म्हणून दोन शब्द. ३८-११ असा स्कोअर आहे, तिसरा लोण बसायच्या (म्हणजे सगळी टीम तिसऱ्यांदा बाद व्हायच्या) बेतात आहे, पब्लिक पांगलंय, सगळ्यांना घरी जायचंय. चुरशीच्या मॅचला लक्ष आपोआप लागतं, इथे ते लावावं लागतं, आणि हरणाऱ्या टीमच्या पोरांचं डोकं इथेच फिरतं, धक्के, मुद्दाम गुडघा, तोंड सुटणं. अशा मॅचला मी स्वतःला एक जादा काम देतो, बाद झालेले खेळाडू कुठल्या क्रमाने बाहेर गेले ते सहायक गुणलेखकाच्या आधी मनात सांगायचं आणि मग त्याच्याशी ताडून बघायचं. ते काम त्याचं आहे, माझं नाही, पण डोकं जागं राहतं आणि चुकीचा खेळाडू आत आला तर पकडला जातो.

याच्या उलट टाय. पाच-पाच चढाया लागल्या की दोन गोष्टी बदलतात आणि थकलेल्या पंचाची सवय नेमकी तिथे आडवी येते. एक, निदान रेषाच बोनस रेषा धरली जाते, आणि तू पूर्ण मॅच बोनस रेषा बघायची नजर लावून आलायस, म्हणजे नजर एक मीटर मागे आणायची. दोन, कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, सातही जण उभेच, फक्त गुण मोजायचे, त्यामुळे तुझी 'किती उभे' ही मोजणी इथे निकामी होते. तेव्हा तिच्या जागी 'कितवी चढाई, कुणाची' हे म्हणायचं. टीमने दिलेली पाच चढाईपटूंची यादी, क्रमाने, छातीवरच्या नंबरसकट, हातात ठेव आणि चढाईपटू निघायच्या आधी नंबर जुळव. सुरू व्हायच्या आधी जोडीदाराला मैदानावर बोलावून बोटाने ती रेषा दाखव, मोठ्याने बोल, 'आता ही.' तोही थकलेलाच असतो.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, स्वतःच्या गावची टीम. पहिली दोन-तीन वर्षं त्या मॅचला उभा राहूच नकोस, ड्रॉ लागला की त्याच वेळी पंच प्रमुखाला सांग की ही मॅच मला देऊ नका, कारण विचारलं तर सरळ सांग. तू कितीही सरळ वागलास तरी अर्धं लक्ष 'मी सरळ वागतोय ना' हे बघण्यातच जातं, आणि बहुतेक पंच अशा वेळी आपल्याच पोरांवर जास्त कडक होतात, म्हणजे त्या पोरांवर अन्याय. पंच कमीच आलेत आणि पर्यायच नाही असं झालं तर नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कॅप्टनना बोलावून सांग की ती टीम माझ्या गावची आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला, आणि उभं राहायला गुणलेखकाची जागा माग, शिट्टी दुसऱ्याकडे दे.